जुलाब-उलट्यांनंतर हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम: भाच्याच्या आजाराचे कारण आणि प्लाझ्मा एक्स्चेंजविषयी विचारणा

भांडुपचा मामा

नमस्कार. माझा भाचा ७ वर्षांचा असून त्याचे वजन २२ किलो आहे. गेल्या सोमवारी त्याला ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि दोन वेळा पातळ शौचास झाले. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले, तेव्हा प्लेटलेट ४८,००० निघाल्या. पावसाचे दिवस असल्यामुळे डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी डेंग्यूच गृहीत धरला आणि आम्ही दोन दिवस केवळ प्लेटलेट मोजत बसलो. बुधवारी रात्री त्याचे डोळे सुजले, चेहरा पांढराफटक पडला आणि लघवी दिवसभरात जेमतेम अर्धा पेला, तीही चहासारख्या रंगाची झाली, तेव्हा आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले.

तेथील अहवाल असे आहेत: हिमोग्लोबिन ६.२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडले की वाढणारा घटक) ४.८, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक) २,९००, रक्तदाब १५०/१००. डेंग्यू आणि मलेरिया या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत. रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या थेंबात, तुटलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तांबड्या पेशींना चिकटली आहेत का हे पाहणारी कूम्ब्स तपासणी निगेटिव्ह आली आणि सी३ हा घटक कमी निघाला. डॉक्टरांनी हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम असे निदान सांगितले असून डायलिसिस सुरू झाले आहे. उद्यापासून प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातील पेशी सोडून उरलेला द्रव काढून त्या जागी दात्याचा घालणे, करायचे म्हणतात आणि त्यासाठी मानेतील नळीवर आमची सही घेतली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हा आजार नेमका कशामुळे होतो? प्लेटलेट इतक्या कमी असताना डॉक्टर प्लेटलेट का चढवत नाहीत आणि संपूर्ण प्लाझ्मा बदलण्याची गरज का भासते? मूत्रपिंडे पुन्हा चालू होतील का? आणि एक प्रश्न माझ्या बहिणीचा आहे. आजारपणाच्या आदल्या शनिवारी तिने मुलाला स्टेशनबाहेर पाणीपुरी खाऊ घातली होती आणि तेव्हापासून ती स्वतःला दोष देत आहे. त्याचा या आजाराशी संबंध असू शकतो का?

बालमूत्रपिंड विभाग, परळ

मी लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांवर काम करतो. मूल प्रत्यक्ष पाहिलेले नसल्यामुळे उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, परंतु तुम्ही दिलेल्या अहवालांवरून त्यांच्या निर्णयामागील कारणमीमांसा सांगता येईल.

या आजारात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात: तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. या तिन्हींचे मूळ एकच आहे. मूत्रपिंडातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि त्या जागी बारीक गुठळ्या जमतात. गुठळ्यांमध्ये प्लेटलेट खर्च होतात, अरुंद झालेल्या वाटेतून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात आणि वाहिन्याच बंद झाल्यामुळे रक्त गाळले जात नाही. स्मिअरमध्ये दिसलेले पेशींचे तुकडे आणि इतका वाढलेला एलडीएच हा याच चिरडण्याचा पुरावा आहे. आपल्या शहरात जून ते सप्टेंबर या काळात प्लेटलेट घटल्या की डेंग्यूच आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु डेंग्यूत रक्त सहसा दाटते, म्हणजे हिमोग्लोबिन खाली जाण्याऐवजी वर चढते. लेप्टोस्पायरोसिसमध्ये प्लेटलेट आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडू शकतात, पण स्मिअरमध्ये अशा तुटक्या पेशी दिसणे अपेक्षित नसते. प्लेटलेट कमी, लघवी कमी आणि चेहरा फिका, असे तिन्ही एकत्र दिसले तर त्याच दिवशी स्मिअर एखाद्या जाणकाराने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला पाहिजे. यंत्राने मोजलेल्या आकड्यांवर थांबू नये, हे मी प्रत्येक कनिष्ठ सहकाऱ्याला सांगतो.

आता कारणाविषयी. हा एकच आजार नाही, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे लागते. स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ कॉनराड गासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये या लक्षणसमूहाला हे नाव दिले, तेव्हा कारण ठाऊक नव्हते. पुढे १९८३ मध्ये कॅनडातील मोहम्मद करमाली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा अनेक मुलांच्या आतड्यात विष निर्माण करणारा ई. कोलाय जिवाणू असतो. पाश्चात्त्य देशांत मुलांमधील बहुतेक रुग्ण याच प्रकारचे असतात. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. पूर्वी रक्ती आवेच्या साथीत शिगेला डिसेंटेरिए या जिवाणूमुळे ही गुंतागुंत पुष्कळ दिसे. ते प्रमाण घटले. आज भारतात शालेय वयाच्या ज्या मुलांना जुलाबाच्या जिवाणूशी संबंध नसलेला, म्हणजे अटिपिकल, प्रकार होतो, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या रक्तात फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. युरोपात हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे.

फॅक्टर एच म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची एक फळी असते, जी जंतूंना भोके पाडून मारते. ही फळी सतत थोडीफार जागीच असते, म्हणून स्वतःच्या पेशींवर तिने हल्ला करू नये यासाठी फॅक्टर एच हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून राखण करते. शरीराने चुकून या राखणदाराविरुद्धच प्रतिपिंडे बनवली, तर तो अस्तराला धरू शकत नाही आणि मूत्रपिंडातील वाहिन्या उघड्या पडतात. सी३ हे याच फळीतील एक प्रथिन. ते कमी निघणे म्हणजे ही फळी बेसुमार खर्च होत असल्याची खूण आहे. सी३ सामान्य असला तरी हा प्रकार नाकारता येत नाही, परंतु तो कमी असेल तर संशय बळावतो. तुमच्या भाच्याचे वय, थोड्याच जुलाबांनंतर आलेला आजार आणि कमी सी३ या तिन्ही गोष्टी त्याच दिशेला बोट दाखवतात.

प्लाझ्मा बदलण्याचे कारण यातूनच स्पष्ट होते. जुन्या प्लाझ्माबरोबर प्रतिपिंडे बाहेर काढली जातात आणि दात्याच्या प्लाझ्मातून ताजा, चालणारा फॅक्टर एच आत जातो. मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण ६० ते ७५ मिलिलिटर प्लाझ्मा दररोज बदलला जातो आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर स्थिरावून एलडीएच उतरेपर्यंत हे चालू ठेवून मग अंतर वाढवत नेले जाते. निदान झाल्यापासून २४ तासांच्या आत सुरुवात करावी, असे २०१९ च्या भारतीय मार्गदर्शक सूचना सांगतात. उशीर झाला तर बुजलेल्या वाहिन्यांच्या जागी व्रण पडतो आणि तो भाग परत मिळत नाही. म्हणून अहवालाची वाट न पाहता उद्याच सुरू करण्याचा तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो.

एक गोष्ट आज रात्रीच विचारून घ्या. फॅक्टर एचविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठीचा रक्ताचा नमुना पहिल्या प्लाझ्माच्या आधी काढला आहे का? एकदा प्लाझ्मा बदलला की तो अहवाल फसवा येऊ शकतो आणि पुढची सगळी उपचारदिशा त्याच अहवालावर ठरते. एडीएएमटीएस१३ या विकराचा (एन्झाइमचा) आणि होमोसिस्टीनचा नमुनाही त्याच वेळी घेतलेला असावा. पहिल्याने टीटीपी (थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा) हा सख्खा भाऊ शोभणारा आजार वेगळा करता येतो. दुसऱ्याने बी१२ जीवनसत्त्वाच्या चयापचयातील जन्मजात दोष कळतो, जो क्वचित असला तरी हायड्रॉक्सोकोबालामिनच्या इंजेक्शनांनी आटोक्यात येतो आणि म्हणून तो सुटणे परवडत नाही.

प्लेटलेटविषयी: येथे प्लेटलेट बनत नाहीत असे नाही, त्या गुठळ्यांमध्ये अडकत आहेत. बाहेरून दिल्या तर गुठळीला आणखी सामग्री मिळण्याची भीती असते. म्हणून प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल किंवा एखादी मोठी प्रक्रिया करायची असेल तरच त्या देतात. तांबडे रक्त मात्र हिमोग्लोबिन फार खाली गेल्यास हळूहळू आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून दिले जाते.

चेंबूरची आई

तुमचा प्रश्न वाचून मला ४ वर्षांपूर्वीचे आमचे दिवस आठवले. माझी मुलगी तेव्हा ६ वर्षांची होती आणि तिलाही फॅक्टर एचविरुद्धची प्रतिपिंडे निघाली होती. वैद्यकीय भाग वर डॉक्टरांनी सांगितलाच आहे. घरच्यांनी काय करायचे असते, ते मी अनुभवावरून लिहिते.

सर्वांत मोठी धावपळ प्लाझ्माची होते. २२ किलोच्या मुलाला एका वेळी साधारण दीड लिटर प्लाझ्मा लागेल, म्हणजे दररोज ७ ते ९ पिशव्या. हे सलग पाच दिवस धरा. रुग्णालयाच्या रक्तपेढीत एकाच वेळी इतका साठा असेलच असे नाही, म्हणून आज रात्रीच रक्तपेढीतील अधिकाऱ्यांना भेटून पुढील पाच दिवसांची मागणी लेखी द्या आणि बदली रक्तदात्यांची यादी तयार करा. आमच्या इमारतीतील गणेशोत्सव मंडळाच्या मुलांनी दोन दिवसांत १४ जण आणून उभे केले होते. ते ऋण मी विसरणार नाही. गोठवलेला प्लाझ्मा वितळवायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळच्या प्रक्रियेची चिठ्ठी रक्तपेढीत वेळेत पोहोचते की नाही, हे घरच्या एका माणसाने पाहावे.

प्रक्रिया चालू असताना मुलीच्या ओठांना मुंग्या येत. ते कॅल्शियम उतरल्यामुळे होते आणि परिचारिका लगेच इंजेक्शन देतात. एकदा अंगावर गांधीही उठल्या होत्या. भाच्याला आधीच समजावून सांगा की तोंडाला झिणझिण्या किंवा अंगाला खाज आली तर लपवायचे नाही, लगेच सांगायचे. मानेतील नळीची पट्टी ओली होऊ देऊ नका. नळीतून जंतुसंसर्ग होणे हा या काळातील मोठा धोका असतो.

खर्चाविषयी संकोच न करता दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातील काय बसते ते तेच सांगतात, आणि जे बसत नाही त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा व शहरातील न्यासांचा अर्ज भरून घेतात. सिद्धिविनायक मंदिर न्यासही वैद्यकीय मदत देतो. आम्ही तीन दिवस लाजेखातर गप्प बसलो आणि तेवढे दागिने गहाण पडले.

माझ्या मुलीची लघवी अकराव्या दिवशी वाढू लागली. ती आता पाचवीत आहे, क्रिएटिनिन सामान्य आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. तुमच्या बहिणीला हे वाचून दाखवा.

भांडुपचा मामा

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना विचारले, प्रतिपिंडांचा आणि एडीएएमटीएस१३ चा नमुना नळी बसवतानाच घेतला होता, होमोसिस्टीनचा राहिला होता तो आत्ता पाठवला. रक्तपेढीत मागणी दिली आहे. बहीण मात्र अजून पाणीपुरीवरच अडून आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, विलेपार्ले

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण तो माझ्या विषयाचा आहे.

जो प्रकार अन्नातून येतो, त्यामागे शिगा विष असते. कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञांनी १८९७ मधील आवेच्या साथीत तो जिवाणू शोधला, त्यांच्या नावावरून हे नाव पडले. तेच विष बनवण्याची क्षमता ई. कोलायच्या काही जातींकडेही असते. त्यांतील ओ१५७:एच७ ही जात १९८२ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन आणि मिशिगन येथे अर्धवट शिजलेल्या गोमांसाच्या टिक्क्यांमुळे झालेल्या उद्रेकात प्रथम नजरेस आली. हे विष ज्या कडीला धरून पेशीत शिरते, ती कडी आपल्या मूत्रपिंडातील वाहिन्यांवर भरपूर असते. गाईगुरांच्या आतड्यातील वाहिन्यांवर ती नसते, म्हणून जनावर स्वतः आजारी न पडता जिवाणू बाळगते आणि तो शेणावाटे पाण्यात, भाजीत, दुधात उतरतो.

या प्रकाराची चाल ठरलेली असते. आधी पोटात जोराच्या कळा, जुलाब, बहुतेकांना दोन-तीन दिवसांत शौचातून रक्त, आणि जुलाब सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान चेहरा फिका पडणे व लघवी कमी होणे. तुमच्या भाच्याला रक्त पडले नाही, शौचासही दोनदाच झाले आणि तिसऱ्याच दिवशी लघवी आटली. हे वर्णन अन्नविषाशी जुळत नाही. शौचाची तपासणी मात्र व्हावी, कारण दोन प्रकार कधी कधी एकमेकांसारखे दिसतात. प्रतिपिंडे शरीरात आधीपासून तयार असतात आणि एखादा साधा ताप किंवा पोटाचा संसर्ग केवळ ठिणगी पाडतो. ती ठिणगी शाळेतील सर्दीनेही पडली असती. आईने पाणीपुरी दिली म्हणून मुलाच्या शरीराने स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, असे शास्त्र म्हणत नाही. हे तिला माझ्या वतीने सांगा.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट लिहिते, कारण ती आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. २०११ मध्ये जर्मनीत ओ१०४:एच४ या जातीचा मोठा उद्रेक झाला. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, त्यांपैकी ८५५ जणांना हाच सिंड्रोम झाला आणि ५० हून अधिक दगावले. विशेष म्हणजे रुग्णांमध्ये प्रौढ स्त्रिया जास्त होत्या. शोध घेता घेता माग पोहोचला तो कच्च्या खाल्लेल्या मेथीच्या मोडांपर्यंत. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूलाही तितकीच मानवते. आपण मटकी किंवा मेथीची उसळ खळखळून शिजवतो, त्यात हा धोका राहत नाही. परंतु अलीकडे आरोग्याच्या नावाखाली कच्चे मोड कोशिंबिरीत घालून लहान मुलांना देण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. निदान ५ वर्षांखालील मुलांना तरी मोड वाफवूनच द्यावेत. तबेल्यातून आणलेले दूध उकळून घ्यावे आणि खिमा आतपर्यंत शिजलेला असावा.

बालमूत्रपिंड विभाग, परळ

शिक्षिकाबाईंच्या लेखनाला उपचाराच्या बाजूने थोडी जोड देतो, कारण येथे घरोघरी चुका होतात. मुलाला रक्ती जुलाब होत असतील तर जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. आतडे थांबले की विष आतच राहते. प्रतिजैविकांचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. शिगेलाच्या आवेत ती द्यावीच लागतात, तर विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये काही प्रतिजैविकांमुळे जिवाणू फुटून अधिक विष बाहेर पडण्याची शक्यता असते. या प्रकाराला विशिष्ट उतारा नाही. सुरुवातीच्या दिवसांत शिरेतून योग्य प्रमाणात सलाईन, पुढे रक्तदाबाचे नियंत्रण, रक्त आणि गरज पडल्यास डायलिसिस, इतकाच उपचार असतो, आणि एवढ्यावर बहुतेक मुले सावरतात. त्यांना प्लाझ्मा बदलण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. न्यूमोकॉकस या जिवाणूच्या न्यूमोनियानंतर होणाऱ्या प्रकारात तर दात्याचा प्लाझ्मा शक्यतो टाळतात, कारण त्यातील प्रतिपिंडे उघड्या पडलेल्या पेशींवर हल्ला करू शकतात. तेथे कूम्ब्स तपासणी अनेकदा पॉझिटिव्ह येते. एकच नाव असलेल्या आजारात एका मुलाला प्लाझ्मा जीवदान देतो आणि दुसऱ्याला अपाय करू शकतो, म्हणून मी कारणावर इतका भर देत आहे.

एक्युलिझुमॅब या औषधाविषयी तुम्ही इंटरनेटवर वाचाल, म्हणून आधीच सांगतो. कॉम्प्लिमेंटची फळी शेवटच्या पायरीवर रोखणारे हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत अटिपिकल प्रकारासाठी मंजूर झाले आणि जनुकीय दोष असलेल्या रुग्णांचे भवितव्य त्याने बदलले. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे, याचे मला प्रत्येक वेळी दुःख होते. परंतु प्रतिपिंडांच्या प्रकारात वेळेवर केलेले प्लाझ्मा एक्स्चेंज आणि प्रतिपिंडे बनणे थांबवणारी औषधे यांनी चांगले परिणाम मिळतात. त्यामुळे ते औषध मिळाले नाही म्हणून भाच्याची संधी गेली, असे मानू नका.

भांडुपचा मामा

अहवाल आला. फॅक्टर एचविरुद्धची प्रतिपिंडे खूप वाढलेली आहेत, एडीएएमटीएस१३ आणि होमोसिस्टीन सामान्य आहेत, शौचात काही सापडले नाही. सहा वेळा प्लाझ्मा बदलून झाला असून प्लेटलेट आज १,१०,००० आहेत आणि काल पहिल्यांदा ३०० मिलिलिटर लघवी झाली. प्रेडनिसोलोन सुरू केले आहे, सायक्लोफॉस्फामाइडची इंजेक्शने देणार आहेत. पुढे किती काळ औषधे लागतील? त्याची धाकटी बहीण ३ वर्षांची आहे, तिचीही तपासणी करावी का?

बालमूत्रपिंड विभाग, परळ

बातमी समाधानाची आहे. इंजेक्शनांनंतर साधारणपणे प्रतिपिंडे बनणे रोखणारी मायकोफेनोलेट आणि कमी मात्रेतील प्रेडनिसोलोन ही औषधे दीड ते दोन वर्षे चालू ठेवतात, कारण आजार उलटण्याचा धोका याच काळात जास्त असतो. प्रतिपिंडांची पातळी ठरावीक अंतराने मोजावी लागेल. ताप, उलट्या किंवा जुलाब झाले की दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. हे कागदावर लिहून घरात दिसेल असे लावा, शाळेतही एक प्रत द्या. रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी औषधे थांबल्यानंतरही दरवर्षी चालू राहिली पाहिजे. या औषधांच्या काळात कोणती लस द्यायची आणि कोणती पुढे ढकलायची, हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका. जिवंत विषाणूंच्या लसी तूर्त नकोत.

धाकटीविषयी: हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. अशा बहुतेक मुलांमध्ये सीएफएचआर१ नावाचे जनुक आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत गळलेले असते आणि भावंडातही ते तसे निघू शकते, परंतु निरोगी माणसांतही ही गळती आढळते आणि ती असणाऱ्या फारच थोड्यांना आजार होतो. त्यामुळे ठणठणीत असलेल्या मुलीच्या रक्ताची तपासणी मी आज सुचवणार नाही. मोठ्याची जनुकीय तपासणी पाठवली असेल आणि तिच्यात दुसरा एखादा दोष सापडला, तर मात्र तिला घेऊन या. तोपर्यंत तिच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करा, न्यूमोकॉकसची धरून.